कापणीनंतरची भातशेती आणि आपले पर्यावरण

(संस्थेच्या वतीने पुणे येथे सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय भातशेतीचा आहे. पुणे शहरातल्या सभागृहात बसून भातशेतीवर कशाला बोलायचे, असा प्रश्न काही जणांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. या सभागृहातील कितीतरी कुटुंबांची नावे आजही मावळ, मुळशी, भोर किंवा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील गावांच्या सातबाऱ्यावर आहेत. कुणाचे दहा गुंठे, कुणाचे वीस, फार तर एखादा एकर, आणि तोही तीन-चार भावांत सामाईक. आपले आजे-पणजे पोटासाठी पुण्यात आले. कुणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले, कुणी रेल्वेत, कुणी नगरपालिकेत. पण भाताचे खाचर गावाकडे राहिले. दिवाळीच्या सुमारास दोन दिवस रजा काढून आपण कापणीला जातो, तांदळाचे पोते घेऊन परत येतो, आणि वर्षभर त्या शेताचा विचारही करीत नाही. अलीकडे मात्र घराघरात एक वाक्य ऐकू येते, "भात काही परवडत नाही, वाटा विकून टाकू या."

विकावे की ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की ठरविण्यापूर्वी हिशेब पुरा मांडावा. भातशेतीचा हिशेब आपण पेरणीपासून कापणीपर्यंत मांडतो. बियाणे किती, खत किती, मजुरी किती, आणि शेवटी पोती किती. परंतु विळा खाली ठेवल्यानंतर जे घडते, त्याची नोंद आपण कुठेच करीत नाही. लहान शेतकऱ्याचे नुकसान बरेचसे तिथेच होते, आणि निसर्गाचे नुकसानही तिथूनच सुरू होते. ही दोन नुकसाने वेगळी नाहीत, हे आज आम्हास आपल्यापुढे ठेवायचे आहे.

खळ्याचा इतिहास

कापणीनंतरचे पहिले ठिकाण म्हणजे खळे. आपल्या समाजाला खळे काही नवे नाही. बलुत्याच्या काळात वर्षभर गावकी केल्यावर खळ्याच्या कडेला उभे राहून आपला वाटा मागावा लागे. दाणेदार भात धन्याच्या कणगीत जाई, आणि मागणाऱ्याच्या पदरात पुष्कळदा पळिंज आणि मातेरे पडे, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आपण ऐकले आहे. वतनाची ही गुलामगिरी मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला.

कोकणात हीच गोष्ट खोतीच्या रूपाने होती. कूळ भात पिकवी, पण खळ्यावर माप होताना मोठा वाटा खोत नेई. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हालअपेष्टा सोसल्या. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला, १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा काढला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पीक कोणी काढले यापेक्षा ते खळ्यावरून कोठे गेले, यावर शेतकऱ्याचे दारिद्र्य ठरत आले आहे. आज खळ्यावर खोत उभा नाही. परंतु ओला भात घाईने व्यापाऱ्याला द्यावा लागतो, गिरणीत कोंडा सोडून यावा लागतो, पेंढा बांधावर पेटवला जातो. म्हणजे वाटा अजूनही जातो आहे. फक्त मागणारा समोर दिसत नाही.

जमीन लहान म्हणजे काय?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचा पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीचा ग्रंथ निघाला होता. आज त्या गावात उंच इमारती उभ्या आहेत. त्या वेळी ते कोरडवाहू शेतीचे खेडे होते. डॉ. मान यांना असे आढळले की, १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. त्या काळातील बहुतेक विद्वानांचे म्हणणे होते की जमिनीचे तुकडे एकत्र करा, म्हणजे प्रश्न सुटेल.

बाबासाहेबांनी डॉ. मान यांची पाहणी विचारात घेतली, पण निष्कर्ष वेगळा काढला. त्यांचा मुद्दा असा की, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल म्हणजे अवजारे, जनावरे, साधने, यांचे परस्परांशी प्रमाण जुळते की नाही, यावर शेत किफायतशीर की तोट्याचे हे ठरते. साधने नसतील तर मोठे शेतही तोट्यात जाते. आणि शेतीवर जगणारी माणसे फार झाली असतील तर त्यांना उद्योगात काम मिळाल्याखेरीज शेती सुधारणार नाही.

आज शंभर वर्षांनंतर आकडे आणखी खाली आले आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतात सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे, महाराष्ट्रात १.३४ हेक्टर आहे, आणि देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. आपल्या भातपट्ट्यात तर हेक्टर नव्हे, गुंठे मोजावे लागतात. अशा वेळी बाबासाहेबांचा प्रश्न आपण पुन्हा विचारला पाहिजे. या वीस गुंठ्यांजवळ साधने कोणती आहेत? कापणीनंतर वाळविण्यास ताडपत्री आहे काय? मळणीचे यंत्र आहे काय? साठवणीस कोरडी जागा आहे काय? तूस आणि पेंढा यांचा उपयोग करण्याची काही सोय आहे काय? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असेच येते.

दाण्याचे नुकसान कोठे होते?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भाताच्या लोंबीतील सुमारे ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करावी. त्या वेळी दाण्यात २० ते २४ टक्के ओल असते. फार उशीर केला तर दाणे शेतातच झडतात, आणि घाई केली तर दाणा हिरवा, पोचट राहतो. कापलेल्या पेंढ्या शेतात पडलेल्या असताना परतीचा पाऊस आला तर काय होते, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये आपण सर्वांनी पाहिले. कापून टाकलेल्या भाताला शेतातच मोड आले.

साठवणीस भात १२ ते १४ टक्के ओलीपर्यंत वाळवावा लागतो. येथे एक साधा हिशेब विद्यार्थ्यांनी मांडून पाहावा. २२ टक्के ओलीचा १० क्विंटल भात १४ टक्क्यांपर्यंत वाळविला, तर त्याचे वजन सुमारे ९ क्विंटल ७ किलो भरते. हे ९३ किलो गेले ते पाणी गेले, भात नव्हे. पण ज्याच्याजवळ ओल मोजण्याचे साधन नाही, त्याला व्यापारी अंदाजाने जेवढी घट सांगेल तेवढी मान्य करावी लागते. ओलावामापक हे लहानसे यंत्र गावात एक जरी असले, तरी ही अंदाजाची लूट थांबते.

वाळविण्याचीही रीत आहे. आपल्याकडे पुष्कळदा भात डांबरी रस्त्यावर पसरतात. रस्ता तापतो, दाणा एकाएकी वाळतो, रात्री दव पडले की पुन्हा ओल धरतो. या तापण्या-भिजण्याने दाण्याला आतून बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण गिरणीत गेल्यावर तांदळाची कणी होते. आंबेमोहरासारख्या नाजूक, सुवासिक भाताचे असे फार नुकसान होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेली, आंबेमोहराच्या वंशातली इंद्रायणी ही जात आज पुण्याच्या घराघरात खाल्ली जाते. तिचा भाव अखंड दाण्याला मिळतो, कणीला नाही. म्हणून भात ताडपत्रीवर तीन ते पाच सेंटिमीटरचा पातळ थर करून वाळवावा, मधून मधून पाय फिरवून हलवावा, आणि रात्री झाकून ठेवावा.

लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत भाताचे कापणीपासून साठवणीपर्यंतचे नुकसान ५.५३ टक्के आढळले. आकडा लहान वाटतो. परंतु १० क्विंटलमागे हे ५५ किलो होतात. चार माणसांच्या घरात ५५ किलो भात म्हणजे काही आठवड्यांचे जेवण. आणि तो दाणा पिकविण्यास जे पाणी, जे खत, जे श्रम लागले, तेही त्याच्याबरोबर वाया जातात. वाया गेलेला दाणा हे पर्यावरणाचेही नुकसान आहे, ते असे.

साठवणीतही काळजी हवी. ओला भात साठविला की बुरशी आणि सोंडकिडा आलाच. मग काही जण राहत्या घरात धान्याच्या विषारी गोळ्या ठेवतात. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. झोपण्याच्या खोलीत अशा गोळ्या ठेवणे म्हणजे मृत्यूला घरात आणणे होय. भात नीट वाळवून कोरड्या कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत ठेवला, कणगी जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवली, तर या विषाची गरज पडत नाही.

तूस, कोंडा आणि पेंढा

आता ज्या वस्तूंना आपण टाकाऊ म्हणतो त्यांच्याकडे येऊ. १० क्विंटल वाळलेला भात चांगल्या गिरणीत नेला तर कणीसह साधारण साडेसहा ते सात क्विंटल तांदूळ निघतो, सुमारे २ क्विंटल तूस निघते, आणि ७० ते ८० किलो कोंडा निघतो. शेतात जवळजवळ दाण्याच्याच वजनाचा, म्हणजे १० क्विंटलच्या आसपास, पेंढा राहतो. आपण घरी आणतो फक्त तांदूळ. बाकीचे जवळजवळ १३ क्विंटल कोठे जाते?

कोंड्यात तेल असते, जीवनसत्त्वे असतात. जुन्या हलरमध्ये तो तुसात मिसळून जातो आणि जनावरालाही धड उपयोगी पडत नाही. रबरी रोलर असलेल्या गिरणीत तूस आणि कोंडा वेगळे निघतात, कणी कमी पडते, आणि तांदळाचा उताराही काही टक्क्यांनी वाढतो. परंतु कोंडा लवकर खवट होतो. म्हणून तो ताजा असतानाच गाई-म्हशींना किंवा कोंबड्यांना घालावा.

तुसाचे बहुधा गिरणीमागे ढीग लागतात. वारा आला की उडते, पावसात ओढ्याला वाहून जाते, नाहीतर पेटवून दिले की दिवसेंदिवस धुमसत राहते. या धुराचा आणि उफणणीच्या धुळीचा त्रास सर्वांत जास्त होतो तो स्त्रियांना. खळे सारवणे, उफणणे, पाखडणे ही कामे त्यांच्याच वाट्याला येतात. तुसात सिलिका भरपूर असते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. कामाच्या वेळी नाकातोंडाला ओले फडके बांधावे, ही गोष्ट साधी आहे, पण ती सांगितली जात नाही.

आणि हीच सिलिका भाताला हवी असते. सिलिकेमुळे भाताचे खोड कणखर होते, पीक लोळत नाही, करपा आणि खोडकिडा यांना तोंड देण्याची शक्ती वाढते. डॉ. नारायण सावंत यांनी लहान शेतकऱ्यांसाठी जी चारसूत्री भातलागवड पद्धत मांडली, तिचे पहिलेच सूत्र असे आहे की, भाताचे तूस आणि पेंढा भाताच्याच शेताला परत द्यावा. तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात मिसळावी. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे खत. तिसरे सूत्र दोरीवर नियंत्रित लावणी. चौथे सूत्र म्हणजे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. ही चार सूत्रे एकमेकांना धरून आहेत, पण सुरुवात कापणीनंतरच्या तुसापासून होते, हे ध्यानात घ्यावे.

राबाचा प्रश्नही येथेच येतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात रोपाची जागा भाजण्याची चाल फार जुनी आहे. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ पसरून उन्हाळ्यात जाळायचे आणि त्या राखेत भात पेरायचा. यामुळे रोप जोमदार येते आणि तणही मरते, हे खरे आहे. लोकांनी ही चाल उगीच धरली नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजात डॉ. मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली राबावर एक संशोधनपर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परंतु राबासाठी दरवर्षी डोंगरावरच्या झाडांच्या फांद्या तुटतात, आणि जे शेण खत व्हायचे ते धूर होऊन जाते. तुसाची राख आणि गादीवाफा हा त्याला एक मार्ग आहे. हिशेबाने पाहिले तर एका एकराच्या तुसाची राख सगळ्या रोपवाटिकेला पुरणार नाही. म्हणून ती बियांच्या ओळीतच टाकावी आणि बाकी वाफ्याला कुजलेले शेणखत द्यावे. एका वर्षात राब बंद होईल असे आम्ही म्हणत नाही. पण जेवढी राख परत येईल, तेवढे टहाळ झाडावर राहतील.

पेंढ्याची कथा वेगळी. पंजाब आणि हरियाणात भाताचे पाचट जाळल्याने दिल्लीची हवा कशी काळवंडते, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तेथे कंबाइन यंत्राने कापणी होते, धसकटे उभी राहतात, आणि गहू पेरायला फार थोडे दिवस उरतात. भूजल वाचविण्यासाठी २००९ साली तेथे लावणी पुढे ढकलणारे कायदे झाले, त्यामुळे मधले दिवस आणखी कमी झाले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली पाचट जाळण्यास मनाई केली, तरी आग विझलेली नाही. कारण शेतकऱ्याला दुसरी सोय मिळाल्याखेरीज नुसत्या मनाईने काही होत नाही.

आपल्या मावळात पेंढा जाळण्याची चाल नव्हती. पेंढ्याची उडवी रचत, जनावरांना वर्षभर घालत, घर शाकारत. परंतु गोठे रिकामे होऊ लागले आहेत. मुले तळेगाव, चाकण, हिंजवडीच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत जातात. गुरे राखणार कोण? म्हणून जिथे गुरे गेली, तिथे पेंढा बांधावर पेटू लागतो. एक टन पेंढा जाळला तर साधारण ३ किलो सूक्ष्म धूलिकण आणि ६० किलो कार्बन मोनॉक्साइड हवेत जातो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आणि त्याच एक टन पेंढ्यात ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पोटॅशियम असते. जाळला की नत्र जवळजवळ सगळे जाते. ५ ते ८ किलो नत्र म्हणजे ११ ते १७ किलो युरिया. जो शेतकरी पेंढा जाळतो तो पुढच्या जूनमध्ये तेच नत्र दुकानातून पैसे देऊन आणतो.

मग पेंढ्याचे काय करावे? जनावरे असतील तर वैरण करावी. नसतील तर शेणकाला टाकून खड्ड्यात कुजवावा. कोरडा, न कुजलेला पेंढा पावसाळ्यात तुंबलेल्या चिखलात गाडू नये. त्यातून मिथेन वायू अधिक निघतो आणि तो पृथ्वीचे तापमान वाढवितो. भातानंतर ओलीवर वाल, हरभरा, वाटाणा घ्यावा आणि पेंढा आच्छादन म्हणून वापरावा. कर्जतजवळ नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रसार केलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी आणि चिखलणी न करता कायम गादीवाफ्यावर भात घेतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. त्यामुळे माती वाहून जाणे कमी होते. मात्र त्यात तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. कोणतीही पद्धत डोळे मिटून घेऊ नये.

अशीच एक छोटी गोष्ट कापणीची. खोडकिड्याच्या अळ्या खोडाच्या बुंध्यात दडून राहतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळा तयार केला आणि जमिनीलगत कापणी करण्याची शिफारस केली. विळा खाली लागला की अळ्या पेंढ्याबरोबर शेताबाहेर जातात आणि पुढच्या हंगामात औषध फवारण्याची गरज कमी होते.

वरच्या शेतातून खालच्या नळाला

पुण्यातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण जे पाणी पितो ते टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांचे. पिंपरी-चिंचवडला पाणी येते ते पवना धरणाचे. ही सगळी धरणे भातपट्ट्यात आहेत. तुंबलेल्या शेतात फेकून दिलेल्या युरियातले निम्म्याहून अधिक नत्र पिकाला मिळत नाही. काही हवेत जाते, काही पाण्याबरोबर ओढ्याला लागते. नद्या बिघडल्या त्या मुख्यतः शहराच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने. त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु पेंढा कुजवून घातलेले खत, गिरिपुष्पाचा पाला आणि खोल खोचलेली ब्रिकेट यांनी युरिया कमी लागला, तर शेतकऱ्याचे पैसे वाचतात आणि खालचे पाणीही स्वच्छ राहते. वरच्या खाचरात जे घडते ते आपल्या नळापर्यंत येते, मग आपण सातबाऱ्यावरचा वाटा ठेवो अथवा विको.

आपण काय करू शकतो?

एकट्या वीस गुंठेवाल्याने हे सारे करावे असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. त्याला स्वतंत्र मळणी यंत्र परवडणार नाही, गिरणी तर नाहीच. बाबासाहेबांनी सांगितलेले प्रमाण येथे जुळवायचे आहे. जमीन वाढविता येत नाही, पण साधने सामाईक करता येतात. म्हणून आम्ही काही सूचना आपल्यापुढे ठेवतो.

पहिली सूचना. एका गावातील आपल्या दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून चार ताडपत्र्या, एक ओलावामापक आणि पायाने चालणारे एक मळणी यंत्र घ्यावे. कापणीचे दिवस वाटून घ्यावेत. यंत्राच्या खरेदीआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अनुदानाची चौकशी करावी.

दुसरी सूचना. भात गिरणीत नेताना तूस आणि कोंडा परत मागून घ्यावा. पोते घेऊन जावे आणि भरून आणावे. ते आपले आहे.

तिसरी सूचना. पेंढा पेटवू नये. ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याने तो ज्याच्याकडे आहेत त्याला द्यावा आणि बदल्यात शेणखत घ्यावे. असा व्यवहार पैशाशिवाय होतो.

चौथी सूचना विद्यार्थ्यांसाठी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही सोबत न्या. आपल्या खाचरात भात किती निघाला, वाळल्यावर किती भरला, तांदूळ किती, कणी किती, तूस, कोंडा आणि पेंढा किती, आणि त्यातले प्रत्येक कोठे गेले, याची नोंद करा. आईला, आजीला विचारा. कोणत्या भाताची कणी होते, कोणती कणगी किडत नाही, हे त्यांना ठाऊक असते, पण त्यांना कोणी विचारीत नाही. अशा पंचवीस वह्या जमल्या तर संस्थेजवळ आपल्या लोकांच्या शेतीचा खरा हिशेब तयार होईल.

पाचवी सूचना थोरांसाठी. खळ्यावर राबणाऱ्या स्त्रियांना पुरुषाइतकीच मजुरी द्यावी, आणि जमिनीचे निर्णय घेताना घरातील स्त्रियांनाही विचारावे. त्यांनी जेवढे भात पाखडले आहे तेवढे आपण पाहिलेही नाही.

बंधू-भगिनींनो, या उपायांनी वीस गुंठ्यांचा एक एकर होणार नाही. शेतीवरचा भार कमी होण्यासाठी मुलांना शिक्षण आणि नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत, आणि तो आपला मुख्य मार्ग आहे, यात शंका नाही. परंतु ज्या जमिनीच्या कडेला आपले पूर्वज पसरलेल्या ओंजळीने उभे राहिले, तीच जमीन आज आपल्या नावावर आहे. तिच्यातून जे निघते त्यातला निम्म्याहून अधिक भाग आपण न मोजता टाकून देतो आणि मग म्हणतो की परवडत नाही. आधी मोजावे, मग ठरवावे. विकायचे ठरले तरी ते हिशेब करून ठरलेले असावे, आणि ठेवायचे ठरले तर मातीचे मातीला परत देऊन ठेवावे.



जयभीम.